मुंबई ते अमेरिका अंतर नक्की किती? तीन साइट, तीन आकडे (अर्जंट)

घाईतला_गणू: बाबांचं तिकीट आज रात्रीच काढायचंय, पटकन सांगा. मुंबई ते अमेरिका एके ठिकाणी 12,540 दाखवतंय, दुसरीकडे 7,790, तिसरीकडे 6,770. विमान ताशी 900 ने जातं धरलं तर एकही आकडा तिकिटावरच्या 16 तासांशी जुळत नाही. बाबांचे गुडघे गेलेत, एवढं बसवेल का ते बघायचंय. आणि येताना तेच विमान साडेचौदा तासात कसं काय येतं??

सुमाकाकू: अमेरिका म्हणजे कुठे रे? एसटी स्टँड आहे का तो?

घाईतला_गणू: न्यूयॉर्क हो. ताईकडे. लिहिलं होतं ना?

डबा_नंबर_७: नाही लिहिलंस. डायरेक्ट का व्हाया, महिना कुठला, तेही नाही. आणि आकड्यापुढे काय लिहिलंय ते वाच की. पहिले किलोमीटर, दुसरे मैल, तिसरे नॉटिकल मैल (जहाज-विमानवाल्यांचा मैल), 1 म्हणजे 1.852 किमी. तिन्ही बरोबर आहेत, गुणून बघ.

निवांत_नाना: येताना वेळ कमी लागतो कारण खाली पृथ्वी फिरत असते.

डबा_नंबर_७: नाना, पृथ्वीबरोबर हवाही फिरते. आणि तुमचं खरं असतं तर उलट जातानाच लवकर पोचलो असतो, न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत आलं असतं! कारण वारा आहे. 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जेट स्ट्रीम वाहतो, जाताना तोंडावर, येताना पाठीवर. हिवाळ्यात जास्तच जोर. शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, रनवेपर्यंत रांगेत सरकणं त्यातच आलं.

निवांत_नाना: बरं बरं. पण नकाशावर विमान आइसलँडच्या बाजूने कशाला जातं, सरळ जाईना?

सुमाकाकू: नातीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो आपोआप तिकडूनच जातो. मी बघितलाय. अर्थात रोजचा रस्ता वारा आणि बंद आकाश बघून ठरतो, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना बंदी केली तेव्हा किती फ्लाइट लांबल्या.

मस्कतवाले: डायरेक्टच्या भानगडीत पडू नका, लंडनमार्गे न्या. 7,200 अधिक 5,540, अंतर जेमतेम 200 किमी वाढतं, मधे पाय मोकळे होतात.

सुमाकाकू: अंतराचं काय घेऊन बसलात, मधले चार तास कोण मोजणार? परत सिक्युरिटी, परत चालणं. गुडघेवाल्याला डायरेक्टच बरं. आत्ताच व्हीलचेअर सांगून ठेव, सीट पॅसेजकडची घे, दर दीड-दोन तासांनी उठायला सांग.

पासपोर्ट_पक्या: व्हिसा बी-वन बी-टू (काम-भेटीचा, फिरण्याचा) असेल तर दर वेळी किती दिवस राहता येईल ते तिथे उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो.

डबा_नंबर_७: व्हिसाचं कुणी विचारलं?

सुमाकाकू: मेथांबा घट्ट डब्यात दे, माझा मागच्या खेपेला साडीवर सांडला.

घाईतला_गणू: ऑक्टोबरात जाणं, डिसेंबरात परत. रात्री 1:10 ला सुटून त्याच दिवशी सकाळी 7:55 ला पोचतंय. मग बाबांच्या गोळ्यांचं कसं?

डबा_नंबर_७: ऑक्टोबरात तिथलं घड्याळ साडेनऊ तास मागे असतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा, येताना तो फरक धर. प्रवासात गोळ्या किती तासांनी ते डॉक्टरांकडून लिहून घे, इथे विचारू नकोस.

घाईतला_गणू: काढलं तिकीट! डायरेक्ट, न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाचं. आता ताई म्हणते टॅक्सीने एडिसनपर्यंत फार वेळ लागेल का?

सुमाकाकू: एडिसन?? ते न्यू जर्सीत. अरे मग तिथल्याच नेवार्क विमानतळाचं घ्यायचं ना!