पिडिया (पोरांचा वॉर्ड) बंद करून पोरं फिमेल मेडिकलमध्ये (मोठ्या बायकांच्या वॉर्डात) आणतायत, काय करू?

रातपाळी_सिस्टर: तालुक्याचं ५० बेडचं खाजगी हॉस्पिटल आहे आमचं. पावसाळ्यात डेंग्यू निमोनियाने पिडिया फुल, उन्हाळ्यात मात्र दोन-तीन पोरं आणि सिस्टर तिन्ही शिफ्टला लागतेच, म्हणून मॅनेजमेंट म्हणतंय पिडिया बंद, पोरं फिमेल मेडिकलला. मी तिथेच आहे, आठ वर्षं नुसते मोठेच पेशंट बघितलेत, बाळाला सलाईनसाठी व्हेन (शीर) शोधून सुई लावायची म्हटलं तरी हात कापतात. मॅट्रन म्हणतात जमेल गं, पेशंट तो पेशंट. कुणाकडे असं चालतं का?

जुनी_इनचार्ज: मॅट्रनबाईंना शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलची बाटली दाखव. १०० मिलीत १००० मिग्रॅ. मोठ्यांना आपण बाटली लावतो नि पुढच्या बेडला जातो. १० किलोच्या पोराला किलोमागे १५ म्हणजे १५० मिग्रॅ, म्हणजे त्यातले फक्त १५ मिली. आमच्याकडे एकत्र होतं तेव्हा एका सिस्टरने सवयीने अख्खी बाटली जोडली, नशीब आईनेच विचारलं, सिस्टर काल तर एवढंसंच दिलेलं ना? पोरगी निष्काळजी नव्हती गं, हाताला सवय मोठ्यांची. तेव्हापासून पोराच्या स्टँडला ती बाटली लटकवायचीच नाही, बुरेट सेटमध्ये (मिलीच्या खुणा असलेली नळी) मोजून घ्यायचं. सलाईनचंही तेच, मायक्रोड्रिपचे (बारीक थेंबांचा सेट) ६० थेंब म्हणजे एक मिली, नेहमीच्या सेटचे २०. ताशी ४० मिली द्यायचं म्हणून मिनिटाला ४० थेंब सोडलेस आणि सेट मोठ्यांचा निघाला तर तिप्पट जाणार.

पिडिया_आरएमओ: मला जास्त भीती नागिणीची. मेडिकलला नागीण झालेली आजी येतेच, तिच्यापासून शेजारच्या लस न घेतलेल्या पोराला कांजिण्या होऊ शकतात, त्याही १० ते २१ दिवसांनी, तोवर पोरगं घरी, कुणाला पत्ताच नाही. थुंकीत टीबी निघालेला पेशंट तर त्या खोलीत नकोच. आणि मॉनिटरचे अलार्म बदला. वर्षाच्या बाळाची नाडी १२० नॉर्मल असते, मोठ्यांच्या सेटिंगवर ते बोंबलत राहतं, मग कुणीतरी वैतागून आवाज बंद करतं.

चिऊची_आई: मी सिस्टर नाही, पण लेक चार वर्षांची असताना अशाच वॉर्डात होतो. समोरच्या आजी रात्री गेल्या. पडदा ओढला त्यांनी, पण पडद्याखालून सगळ्यांचे धावणारे पाय दिसतात ना. आदल्या दिवशी त्याच आजींनी तिला बिस्किटपुडा दिलेला. सकाळी विचारते, आजीची गादी का धुतायत?

गावचा_डॉक्टर: किती घाबरवाल तिला. माझ्याकडे १५ बेड, वेगळा वॉर्ड आणू कुठून? सिस्टरांच्या टेबलासमोरचे चार बेड पोरांचे, मध्ये पार्टिशन, औषधांची ट्रॉली वेगळी, केसपेपरवर लाल पेनाने वजन, वजन नाही तर औषध नाही. आणि प्रत्येक शिफ्टला पिडिया केलेली एक तरी सिस्टर, त्याला मॅनेजमेंट नाही म्हणालं तर तुम्हीही नाही म्हणा, लेखी.

रातपाळी_सिस्टर: आत्ताच क्रॅश ट्रॉली (इमर्जन्सीची ट्रॉली) उघडून बघितली. लहान ॲम्बू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे, तिचा मास्क नाही. बाळांना लागते ती बारीक २४ नंबरची कॅन्युला एकही नाही. बाळांचा वजनकाटा ओपीडीत, तिला रात्री कुलूप. फोटो काढून मॅट्रनना टाकलेत, ब्लू टिक आलीय, उत्तर नाही अजून.