डायलिसिसचा पेशंट, पोट भरलेलं: सक्सिनिलकोलिन (स्नायू झटपट सैल करणारं औषध) द्यावं का?

प्रश्न: परवा डायलिसिस झालंय, पोटॅशियम ५.८. पोटाचं तातडीचं ऑपरेशन आहे. श्वासाची नळी झटपट घालायचीय.

उत्तर १: ५.८ ला सक्सिनिलकोलिन नकोच. त्याने पोटॅशियम आणखी ०.५ ते १ ने चढतं. आधी ईसीजी बघा. टी लाटा टोकदार किंवा क्यूआरएस (ठोक्याचा मुख्य उंचवटा) रुंद असेल तर १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली सावकाश शिरेतून द्या. यानं हृदय सावरतं, पोटॅशियम उतरत नाही. नळीसाठी रोक्युरोनियम (हेही स्नायू सैल करतं), वजनाच्या किलोला १.२ मिग्रॅ. पुढचे डोस त्याच प्रकारच्या सिसअट्राक्युरियमचे द्या. ते किडनीवर अवलंबून न राहता रक्तातच विघटित होतं. मात्र अंग गार पडलं की हे विघटन मंदावतं, म्हणून पेशंट उबदार ठेवा.

उत्तर २: फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी जोडलेली शीर-धमनी) हाताला सुई नको, बीपीचा पट्टाही नको. मॉर्फिन टाळाच: त्याचं सक्रिय रूप साचतं आणि श्वास काही तासांनी, वॉर्डात मंदावतो. फेंटानिल बरं.

प्रश्नकर्ता: शेवटी रोक्युरोनियमचा परिणाम उलटवायला सुगामाडेक्स?

उत्तर १: क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) मिनिटाला ३० मिलीच्या खाली असेल तर उत्पादकाची शिफारस नाही. परिणाम उलटवायला निओस्टिग्मिन चालेल, पण टीओएफचे (नसेला लागोपाठ चार विद्युत झटके देऊन स्नायू तपासणं) चारही ठोके परत दिसल्यावरच.