कॉलम किती वाढवावा? लवकर सांगा, झाडं सुकून रायली

संत्राबाग_वरुड (धागाकर्ता)
कॉलम कमी पडून रायला. सहा वाढवू का आठ? उद्या सकाळी दुकान उघडलं की माल उचलायचा आहे. दुकानदार म्हणते हेवीच घ्या, चुलतभाऊ म्हणते मीडियम चालते. दोन्हीच्या भावात लय फरक आहे. ज्यायनं सोता केलं असन त्यायनंच सांगा. अर्जंट आहे.

मिस्त्री_दारव्हा
भाऊ, सहा का आठ हे नंतर पाहू. आधी सांगा, जमीन काळी आहे का मुरमाड? खोल्या किती, वर मजला चढवणार का? आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आन् उन्हाळ्यात आकसते, हात जाईन एवढ्या भेगा पडतात. फुटिंग कच्च्या मातीत ठेवलं तं दोन वर्षात भिंती तडकतात. मुरूम लागेपर्यंत खोदा. कॉलमला १२ मिमीच्या चार सळया म्हणजे कमीत कमी, आन् ४० मिमी कव्हर सुटलंच पाह्यजे. पण सळईत हेवी-मीडियम असं काही नसते. दुकानदार तुम्हाले भलतंच सांगून रायला.

संत्राबाग_वरुड
घर नाही बांधून रायलो भाऊ. घर झालं केव्हाच. कॉलम वाढवायचा आहे म्हटलं.

गौरी_सेतूकेंद्र
एक्सेलमध्ये असेल तर वरच्या अक्षरावर उजवं क्लिक करा आणि इन्सर्ट दाबा, डावीकडे नवीन कॉलम येतो. आमच्या केंद्रात रोज करते. पण सातबाऱ्यातला कॉलम म्हणत असाल तर तो स्वतःहून वाढवता येत नाही. विहीर-बोअरची नोंद 'इतर अधिकार' मध्ये येते, ती तलाठ्याकडे अर्ज करूनच लावावी लागते. वीजजोडणीच्या वेळी ती नोंद मागतात, म्हणून आताच पाहून घ्या.

संत्राबाग_वरुड
ताई, बोअरचंच आहे पण सातबारा नाही. मोटर हवा मारून रायली.

बोअरमोटर_मोर्शी
मीडियम-हेवी वाचलं तवाच समजलं. कॉलम पाइप म्हणून रायले ना तुम्ही, मोटरीवर चढते आन् पाणी वर आणते तो? हे पह्यलेच लिहाचं होतं. आता सांगा: बोअर किती फूट, मोटर किती फुटावर, पाइप किती इंची, मोटर किती एचपी, पाणी किती वेळ फेकते?

संत्राबाग_वरुड
हो तेच. आमच्याइकडे कॉलम म्हटलं की दुसरं काय असते? बोअर ३५०, मोटर २०० वर. दोन इंची पाइप, १० फुटाचे वीस. ५ एचपी. दहा मिनिटं बम पाणी फेकते, मंग फुस्स. अर्धा तास बंद ठेवली की पुन्हा दहा मिनिटं. अंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली आहेत आन् आता गळ लागली. पानं दुपारी वळतात ते संध्याकाळीही सरळ होत नाहीत. साडेचारशे झाडं आहेत, माझ्या बापानं लावलेली.

बोअरमोटर_मोर्शी
मंग आठ टाका, हेवी म्हणजे जाडवालेच टाका, २८० वर न्या. वरुड-मोर्शी पट्ट्यात पाणी अजून खाली जाईन, आज सहा टाकसान तं पुढच्या वर्षी पुन्हा चेनपुली लावसान. पण २८० वर ५ एचपी दमते. साडेसातची घ्या, मीच बसवून देतो.

पंपवाली_अकोला
मोटर खोल गेली म्हणून ती दमत नाही. तिला पाणी उचलायचं असतं ते बोअरमधल्या पाण्याच्या पातळीपासून, मोटर कुठं टांगली आहे तिथून नाही. मी दहा वर्षं पंपाच्या टेस्टिंगवर काम केलं आहे, ही चूक रोज ऐकायची. उलट मोठी मोटर टाकली तर आता दहा मिनिटांत संपणारं पाणी पाच मिनिटांत संपेल. झरा तेवढाच आहे ना! भाऊ, तीन गोष्टी कळवा. बंद असताना पाणी किती फुटावर आहे? पंपाच्या प्लेटवर हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवतो ते, किती लिहिलं आहे? आणि पाणी कुठं पाडता?

बोअरमोटर_मोर्शी
ताई टेस्टिंगवर पाणी हौदातलं असते. आमी रात्रीच्या लाइनीत, व्होल्टेज पडलेलं असताना मोटरी चालवतो. जळलेली मोटर ओढून काढाले माणूस मलेच बोलावते.

पंपवाली_अकोला
व्होल्टेजचं तुमचं खरं आहे, त्यानंच जास्त मोटरी जळतात. आणि कोरड्या चालण्यानं. ही मोटर गेले कित्येक दिवस हवा मारते आहे, तिला ड्राय-रन कट-ऑफ, म्हणजे पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारा, लावलाय का हेही त्यांनी सांगितलेलं नाही.

मास्तर_निवृत्त_परतवाडा
धागा वाचून थांबवेना म्हणून लिहितो. एका शब्दापायी या शेतकऱ्याचा दिवस गेला, आणि चूक कोणाचीच नाही. मूळ लॅटिन शब्द कोलुम्ना, म्हणजे खांब. मिस्त्रीबुवांचा अर्थ मूळचा. उभ्या खांबासारखी छापलेली मजकुराची पट्टी म्हणून वर्तमानपत्राचा कॉलम. त्याला आपण स्तंभ म्हटलं आणि लिहिणारा स्तंभलेखक झाला. वहीतल्या तशाच पट्टीला मात्र आपण रकाना म्हणतो, स्तंभ नाही. पाठीच्या मणक्यांची उभी माळ, तिलाही इंग्रजीत कॉलमच. सैन्याची लांब रांग म्हणजे कॉलम, आणि अशा तुकडीचा प्रमुख तो इटालियनमध्ये कोलोनेल्लो. आपला कर्नल त्यातूनच आला. स्पेनच्या यादवी युद्धात १९३६ साली माद्रिदवर चार तुकड्या चालून येत असताना शहरात लपलेल्या साथीदारांना पाचवी तुकडी म्हटलं गेलं, त्यावरून आपल्याकडे पंचमस्तंभी. आणि बोअरमधला कॉलम म्हणजे पाण्याचा उभा खांबच. पाइप काढून टाकला अशी कल्पना करा, आत साठ मीटर उंचीचा पाण्याचा खांब उभा दिसेल. माझ्या मते हा सगळ्यात सुंदर अर्थ आहे.

वार्ताहर_दर्यापूर
मास्तर, आमच्याकडं 'सिंगल कॉलम लागली' म्हणजे बातमी छोटी लागली. पाण्याची बातमी दरवर्षी सिंगल कॉलमच लागते, याचं फार वाईट वाटतं. भाऊ, फोटो पाठवा, मी लावून धरतो.

संत्राबाग_वरुड
बातमी नको, पाणी पाह्यजे. दोरीले नट बांधून सोडलं. बंद असताना १८५ वर ओलं लागलं. प्लेटवर हेड ५० ते ९० मीटर आहे. पाणी वरच्या टाक्यात पाडतो, तिथून ड्रिप. टाकं बोअरपासून ४० फूट चढावर आहे. कट-ऑफ नाही.

पंपवाली_अकोला
हे ४० फूट आधी कळलं असतं तर बरं झालं असतं! हिशोब पाहा. आठ पाइप वाढवले आणि पाणी २७० पर्यंत बसलं, तर वरचे ४० धरून ३१० फूट, म्हणजे ९४ मीटर. पाइपातलं घर्षण वेगळंच. तुमचा पंप ९० ला संपतो. मोटर फिरेल, टाक्यात थेंब पडणार नाही.
सहा वाढवा. मोटर २६० वर, पाणी २५० पर्यंत बसलं तरी ७६ मीटर. हे जमतं, पण वरचे ४० फूट धरले तर पुन्हा ९० ला टेकतं, म्हणून चढ काढून टाकावा लागेल. बोअरजवळच खड्डा करून जाड प्लास्टिक अंथरा, पाणी त्यात पाडा. घरी जुना मोनोब्लॉक (जमिनीवर ठेवायचा पंप) पडला असेल तर त्यानं वर चढवा.
पाइपचं म्हणाल तर दोन इंचीत दर मीटरला जवळपास दोन लिटर पाणी मावतं. ८० मीटर म्हणजे १६० किलो पाणी, वर मोटर आणि पाइप. हे ओझं सगळ्यात वरच्या पाइपवर येतं, आणि दाब सगळ्यात खालच्यावर, दर चौरस सेंटीमीटरला साडेसात किलोच्या आसपास. म्हणून नवे सहा हेवी घ्या आणि वर लावा. जुन्यांवर किती खोलीसाठी आहेत ते छापलेलं असतं. २६० फुटांना पुरत नसतील तर ते सोडू नका.

बोअरमोटर_मोर्शी
चढाचं मले माहीत नव्हतं. मंग सहाच बरोबर, ताईचं ऐका. कपलरमधले रबर सगळे नवे टाका, जुने एकदा खोलले की गळतात. नायलॉनचा दोर मोटरीपासून वरपर्यंत एकसंध पाह्यजे, गाठ नको. केबलचा जोड पाण्यात जाईन तो नीट करून घ्या. आन् कट-ऑफशिवाय मोटर सोडू नका, हात जोडतो.

मिस्त्री_दारव्हा
खड्ड्यात प्लास्टिक अंथरायच्या आधी तळाले वाळूचा थर द्या. काळ्या मातीच्या भेगेनं प्लास्टिक फाटते.

संत्राबाग_वरुड
परवा सोडले सहा. जुने पाइप २५० फुटांवर चालतात असं छापलं होतं, म्हणून खालचे चार बदलून तेही हेवी टाकले. मोटर २६० वर आहे. काल ५० मिनिटं पाणी चाललं, मंग कट-ऑफनं बंद केली. दीड तासानं पुन्हा ४५ मिनिटं. वाळू टाकली होती मिस्त्रीभाऊ. मोनोब्लॉक साल्याचा आणला. दोनशे झाडायले पाणी झालं, बाकीची आज रात्रीच्या लाइनीत. वरच्या धुऱ्याकडची साठ-सत्तर झाडं वाचतीन का नाही सांगता येत नाही, त्यायची फळं काढून टाकू का ठेवू? कोणी अंबियात असं केलं असन तं सांगा. झाडं सोळा वर्षांची आहेत, जमीन मध्यम काळी, ड्रिप डबल लाइन.