‘पिग्मॅलियन’ (चित्रपट, १९३८): सपाता मागणारा शेवट बर्नार्ड शॉच्या नाटकाला शोभतो का?

तिसरी घंटा:
माझ्या मते हा शेवट साफ चुकला आहे. नाटकात उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स फुलं विकणाऱ्या एलायझाला उच्चभ्रू बाईसारखं बोलायला शिकवतो. चौथ्या अंकात, मेजवानीहून परतल्यावर, एलायझा हिगिन्सवर सपाता भिरकावते. पाचव्या अंकात तोच तिला सांगतो की पुरुषाच्या सपाता आणून देणारी बाई बघवत नाही, फेकून मारल्यास तेव्हा तुझी किंमत वाढली. आणि चित्रपटात त्याचं शेवटचं वाक्य काय, तर ‘एलायझा, माझ्या सपाता कुठे आहेत?’ दोन अंकांची मेहनत एका ओळीत पाण्यात! १९१४ च्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेला बीअरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं टाकायचा, तेव्हाही शॉ भडकला होता. १९१६ मध्ये उपसंहार लिहून शॉने तिचं लग्न तिच्यावर भाळलेल्या फ्रेडीशी लावून दिलं.

रीळ:
नुसती संहिता वाचून निकाल देऊ नका, चौकट बघा. एकटा हिगिन्स, यंत्रावर तिचा जुना आवाज. तो आवाज थांबतो आणि त्याच रांगड्या उच्चारात दारातून एलायझाचं ऐकू येतं, ‘तोंडहात धुऊन आलेय मी.’ मग हिगिन्स झालेला लेस्ली हॉवर्ड आपल्याकडे पाठ करून सपाता मागतो. ती आणून देते का? दाखवलेलंच नाही.
शिवाय नाटकात शिकवणी जवळजवळ विंगेतच उरकते. चित्रपटात सरावासाठी तोंडात गोट्या आहेत, उच्चार घोटायला स्पेनच्या पावसाचं वाक्य आहे (ते चित्रपटासाठीच लिहिलेलं), डेव्हिड लीनचं चपळ संकलन आहे. मेजवानीत उच्चारांचा जाणकार कार्पाथी तिला हंगेरीची राजकन्या ठरवतो. मूळ नाटकात ही मेजवानी तिसऱ्या आणि चौथ्या अंकांच्या मध्ये, पडद्याआड होते.

तिसरी घंटा:
मेजवानीचं श्रेय देतो. शॉनेही नाटकाच्या १९४१ च्या आवृत्तीत ती घेतली. पण सपातांचा शेवट घेतला का? नाही. तिथे ती फ्रेडीशी लग्न करणार म्हणून हिगिन्स हसत सुटतो आणि पडदा पडतो. चित्रपटातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं, हे लेखकाने छापून सांगितलंय. तरी १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेने आणि तिच्यावरच्या १९६४ च्या चित्रपटाने १९३८ च्या चित्रपटाचाच शेवट उचलला. आज लोक तोच शॉचा समजतात, याचं वाईट वाटतं.

विंगेतून:
घोळ शेवटाच्या आधीच, पात्रनिवडीत झाला. शॉला हिगिन्ससाठी चार्ल्स लॉटन हवा होता. देखणा, हळवा हॉवर्ड घेतलात की प्रेक्षक पहिल्या रिळापासून जोडी जुळवायला बसतात. मग शेवटी काहीही लिहा, तो प्रणयच वाटणार.
पण त्या उच्चाराबद्दल मी रीळ यांच्या बाजूने. पाचव्या अंकात बापाला नटूनथटून आलेला पाहून एलायझाच्या तोंडून जुनी किंकाळी *निसटते*. चित्रपटाच्या शेवटी ती जुनी बोली *निवडते*. फरक मोठा आहे. मराठीत याचा अंदाज घ्यायचा तर याच नाटकाच्या मराठी रूपांतरातली, ‘ती फुलराणी’ची मंजुळा डोळ्यांसमोर आणा. ‘ण’ पक्का बसल्यानंतर ती मुद्दाम ‘पानी’ म्हणाली, तर ते हरणं नाही.

तिसरी घंटा:
मुद्दाम म्हणाली, हे कबूल. पण तिच्यानंतर शेवटचा शब्द त्याला का द्यायचा? ‘तोंडहात धुऊन’वर कापलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

रीळ:
मग हिगिन्स बदलला की तसाच राहिला, हे कशावरून कळलं असतं?