मदत हवी आहे: ‘उदास’ला आपल्याकडं काय म्हणतात?

मी बीड जिल्ह्यात गावोगाव फिरून काम करते. परदेशी टीमसोबत पीएचक्यू-९ ही नैराश्याची ९ प्रश्नांची यादी घरोघर भरून घ्यायचीय. मागच्या २ आठवड्यांत उदास वाटलं का, असं परवा एका मावशीला विचारलं. तूर निवडता निवडता त्या म्हणाल्या, “उदास व्हायला टाइम कुठंय बाई? नुसतं करमत नाही, जीव घाबरा होतो.” म्हणजे कागदावर या प्रश्नाला शून्य गुण! ‘उदास’ म्हटलं नाही तरी त्रास आहे, हे टीमला पटवायचं कसं?

नववा प्रश्न तर मरणाच्या विचारांचा. ओसरीवर, सासूदेखत तो कसा विचारू? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देतेच, पण ते नंतरचं.

लातूर, परभणी, नांदेडकडं कुणी हे काम केलंय का? तिकडं बायका कोणते शब्द वापरतात?