प्रतिसाद: ५० की ८५?

निकॉनच्या डी ३५०० कॅमेऱ्यासाठी ५० एमएमची लेन्स घ्यावी की ८५ ची, पोर्ट्रेट आणि रोजचे फोटो दोन्ही हवेत, असा प्रश्न आहे. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी ८५ सुचवलीय, पण या कॅमेऱ्याच्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ती १२७ सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. उभ्या फ्रेममध्ये पूर्ण माणूस घ्यायचा तर सुमारे ७ मीटर मागे जावं लागतं. नाशिकच्या गोदाघाटावर ते जमेल, सराफ बाजाराच्या गल्लीत पाठ भिंतीला टेकेल. ५० ला सव्वाचार मीटर पुरतात.

५० घेताना एक बघा. जुनी 'डी' प्रकारची स्वस्तात मिळते, पण तिला कॅमेऱ्यातली फोकस मोटर लागते आणि या बॉडीत (कॅमेऱ्यात) ती नाही, त्यामुळे तिच्यावर ऑटोफोकस चालत नाही. स्वतःची मोटर असलेली एएफ-एस १.८जी घ्या.

१.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, सगळे फोटो काढू नका. दीड मीटरवरून जेमतेम ६ सेंटीमीटर खोली शार्प राहते, चेहरा तिरका असेल तर एक डोळा मऊ येतोच (आणि दोष लेन्सला दिला जातो!). छिद्र थोडं लहान करून २.८ ठेवा, सिंगल पॉइंट (फोकसचा एकच बिंदू) जवळच्या डोळ्यावर. शिवाय भर दुपारी रामकुंडावर १.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वरही १/८००० सेकंदाच्या आसपास शटर लागतं, ही बॉडी १/४००० ला थांबते, म्हणजे प्रकाश जास्त आत येतो. फोटोत पांढरे सदरे जळतात (तपशील जाऊन नुसते पांढरे दिसतात) ते म्हणूनच. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडासमोर मात्र कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, फोटो जास्त उजळ येतो. एक्स्पोजर उणे ०.७ करा.

घरातल्या, रोजच्या फोटोंना ३५ जास्त सोयीची. फक्त तिने चेहरा अगदी जवळून घेऊ नका, नाक मोठं दिसतं.