घोळ आणि लुणी एकच का? आणि मुतखडा होऊन गेलेल्यांना चालतो का?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय, जरा मदत हवी आहे.

बाबांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, कॅल्शियम ऑक्झलेटचा, तेव्हापासून डॉक्टरांनी पालक बंद केलाय. आता मूळव्याध सुरू झालीय आणि आजी रोज मागे लागते की त्याला घोळाची भाजी घाल, घोळ थंड असतो, आग कमी होते. तिच्या माहेरी मूळव्याध, लघवीची जळजळ, उन्हाळी लागली की घोळच द्यायचे आणि कुठे भाजलं-पोळलं तर बारीक वाटून लेपही लावायचे म्हणे.

म्हणून काल खंडेराव मार्केटला गेले. भाजीवाल्या मावशी त्याला लुणी म्हणतात. लालसर, गुबगुबीत देठ, जाड गुळगुळीत पानं, म्हटलं हाच घोळ. घरी निवडायला बसले तर एक काडी मोडल्यावर पांढरा चीक आला! ती पानं पातळ होती आणि देठ दोऱ्यासारखा. आजी म्हणाली टाक ती, ती दुधी नावाचं चिकाचं तण आहे, घोळाला चीक नसतो, मोडला की नुसतं पाणी सुटतं. मला इतकी भीती वाटली की अख्खी जुडी टाकून दिली, जीव हळहळला.

आमच्या अगाशीतल्या कुंडीतही एक रोप आपोआप आलंय, त्याला पिवळी फुलं येतात, ऊन आलं की उघडतात आणि दुपारनंतर मिटतात, मग टोपण निघावं तशी बोंडं उघडून आत काळं बारीक बी. हा घोळच ना?

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. घोळात ओमेगा-3 असतं वगैरे चांगलं आहे, पण ऑक्झलेटही पालकासारखंच भरपूर असतं ना? आजी ताकात बेसन लावून, लसणाची फोडणी देऊन करते. ताकातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं हे माहितीये, आणि उकळून पाणी फेकलं तरी थोडं कमी होतं. पण खडा होऊन गेलेल्या माणसाला एवढ्यावर भागतं का?

कोणाच्या घरी मूळव्याध आणि मुतखडा दोन्ही असताना घोळ दिलाय का, डॉक्टर किंवा वैद्य काय म्हणाले? बाबांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारची आहे, तोवर मी काही देत नाहीये. पण आजीला नाही म्हणताना जीव तुटतो, ती रोज सकाळी कुंडीपाशी जाऊन उभी राहते.